मोडेन, पण मागे वाकणार नाही

'आता सगळे पोटावर झोपा,' असा हुकूम सुटला की आमच्या वर्गात दोन तऱ्हेचे आवाज होतात. बायकांच्या बाजूने बांगड्या किणकिणतात आणि तेरा जणी, गच्चीवर उन्हात पोह्याचे पापड पडावेत तशा, सतरंजीवर अलगद पडतात. पुरुषांच्या बाजूने खोकला ऐकू येतो. आम्ही सात जण. एकाची सतरंजी नेमकी तेव्हाच वाकडी झालेली असते, एकाला बनियन खोचायचं असतं, एक जण छताच्या पंख्याचं निरीक्षण करतो. मग आधी गुडघे, मग हात, मग पोट असे टप्प्याटप्प्याने आम्ही जमिनीला लागतो. लागल्यावर प्रत्येक जण अंग किंचित इकडे, किंचित तिकडे असं काहीतरी करतो. काय करतो ते सगळ्या पुरुषांना ठाऊक आहे. बायकांनाही असावं. बोलत कुणी नाही.

पेणमध्ये सकाळी सहाला हा वर्ग भरतो. शिकवते ती माझ्या शेजारच्या काकांची सून, आणि काका आमच्याच रांगेत, माझ्या उजव्या हाताला. 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्याने केली त्याने योगवर्ग पाहिला नव्हता. नाहीतर त्याने जावयाला मोकळं सोडून सुनेला धरलं असतं. घरी ती 'बाबा, चहा टाकू का?' असं विचारते. वर्गात तीच 'बाबा, मांड्या उचला, नुसत्या भुवया उचलू नका,' असं सुनावते. काकांचा त्या वेळचा चेहरा पेणच्या एकाही मूर्तिकाराला अजून साधलेला नाही.

मागे वाकायची आसनं म्हणजे भुजंगासन, शलभासन, धनुरासन, उष्ट्रासन वगैरे मंडळी. 'घेरंडसंहिते'त बत्तीस आसनं सांगितली आहेत, त्यांत ही चारही आहेत. साप, टोळ, धनुष्य आणि उंट. यांत माणूस कुठेच नाही, हे मी सूनबाईच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, 'काका, शवासन माणसाचंच आहे, पण ते शेवटी.'

खरं सांगायचं तर माणसाचा, त्यातही पुरुषाचा, जन्म पुढे वाकण्यात जातो. माझाच हिशेब घ्या. पेणहून रोह्याला रोजची नोकरी. गाडीत बसलो की मोबाइलवर वाकायचं. कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं मी गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिलेली नाहीत, नुसती ऐकली आहेत. ऑफिसात टेबलावर वाकायचं, साहेब आले की आणखी थोडं. संध्याकाळी मोटरसायकलच्या हँडलवर, रात्री ताटावर. आणि एवढं सगळं करून ब्रीद काय, तर मोडेन पण वाकणार नाही! त्यात आमचा टापू ताठ माणसांचा. रोह्याशी नातं सांगणाऱ्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडून दिलं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी हिंडले. ह्या दोघांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाने कमरेत वाकायचं म्हणजे गावाची अब्रू जाते. तेव्हा ब्रीद मीही पाळलं, फक्त दिशेपुरतं. पुढे सांगाल तेवढं वाकलो. मागे वाकायची वेळ आली तेव्हा मोडलो.

पहिलं धनुरासन मला तारखेसकट आठवतं, कारण त्या दिवशी लग्नाचा वाढदिवस होता आणि संध्याकाळी मी हॉटेलात उभ्याने जेवलो. पोटावर झोपायचं, गुडघे दुमडायचे, हात मागे नेऊन घोटे धरायचे आणि एका दमात छाती व मांड्या उचलायच्या. माझा हात घोट्यापर्यंत पोचेना. सूनबाईने पट्टा दिला. पट्ट्याने पाय ओढले आणि तीन ठिकाणांहून तीन कळा एकदम निघाल्या. एक कमरेत, दुसरी मांडीच्या पुढच्या बाजूला आणि तिसरी तिथे. पहिल्या दोन मी मोठ्याने जाहीर केल्या. तिसरी दातांखाली दाबली.

धनुरासनात सगळा भार ओटीपोटावर येतो. आपण होडीसारखे डुलतो. बायकांच्या होड्या पाण्यावर डुलत होत्या, आमच्या सातही होड्या खडकावर होत्या. कटीची हाडं जमिनीवर घासतात हे एक, आणि हाडं आणि जमीन यांच्यामध्ये निसर्गाने पुरुषाला आणखी जे काही दिलं आहे ते चिरडतं हे दुसरं. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या आहेत: स्थिर असावं आणि सुखाचं असावं. मी स्थिर होतो. हलण्याची सोयच नव्हती.

आता हे सांगायचं कुणाला? सूनबाईला शक्य नाही. काकांना विचारावं तर ते तिचे सासरे. बायकोला विचारलं असतं तर रात्रीपर्यंत तिच्या बहिणींना कळलं असतं. घरातलं दुखणं परक्याला सांगणं सोपं जातं, म्हणून मी गाडीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना गाठलं. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस तरुणपणी कबड्डी खेळायचा. रायगडात कबड्डी न खेळलेला माणूस सापडणं कठीण, पण हा खरंच बरा खेळायचा म्हणतात. मी त्यांच्याजवळ सरकलो आणि आवाज खाली आणला.

'तुम्ही पोटावर आपटायचात तेव्हा... म्हणजे... त्रास नाही व्हायचा?'

'कसला त्रास?'

'तो. खालचा.'

यंत्रांच्या घरघरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलणं ही गोष्ट ठाऊक नसते. 'खालचा म्हणजे? दाबलं जातं होय? अहो साहेब, मग लंगोट लावा की! त्या ढगळ चड्ड्यांत सगळं वाऱ्यावर सोडलेलं असतं, त्याला आसन काय करणार? आधी घट्ट बांधायचं, आणि झोपायच्या आधीच वरच्या अंगाला घ्यायचं. झोपल्यावर चुळबुळ केलीत तर सगळ्या गावाला कळतं.'

सगळ्या गावाला कळलं होतं. गाडी कासू सोडून नागोठण्याकडे निघाली होती आणि डबा इतका शांत झाला होता की रुळांचे सांधे मोजता आले असते. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तेवढ्यात समोर रिकामी पाटी पायांशी घेऊन बसलेली मासळीवाली म्हणाली, 'त्यात लाजायचं काय रं दादा? आमी पाटी डोक्यावर घेताव ती काय अशीच? खाली चुंबल असते ना. तशी चुंबल घाल खाली.' आणि तिने डोक्यावरची चुंबळ काढून माझ्यापुढे धरली.

मी ती हातात घेऊन नीट पाहिली. जुन्या लुगड्याची, पीळ देऊन गोल केलेली, मधे वाटीएवढी पोकळी. भार कडेवर पसरतो, मधली जागा मोकळी राहते. पाच-पंचवीस किलोची मासळी डोक्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायकांनी जो प्रश्न न बोलता सोडवला होता, त्यावर मी महिनाभर खोकत होतो.

घरी येऊन दोन जुने पंचे काढले आणि वळायला बसलो. बायकोने विचारलं, 'ही चुंबळ कशाला?' म्हटलं, 'डोक्याला.' ती म्हणाली, 'तुमच्या डोक्यावर कसला भार आला?' तीन फसल्या. गोल चुंबळ पोटाखाली लाटेसारखी सरकते. शेवटी पंच्याची जाड वळकटी करून ती घोड्याच्या नालासारखी ठेवली: दोन टोकं दोन मांड्यांच्या मुळाशी, वाकडा भाग ओटीपोटाखाली, मधे पोकळी. दुसऱ्या दिवशी सकाळी धनुरासनात मी पहिल्यांदा श्वास घेतला. त्याआधी फक्त सोडत होतो.

रांगेत बातमी पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काकांनी पिशवीतून घडी केलेली चादर काढली, एकाने सोफ्याची उशी आणली, एकाने पोराची शाळेतली छोटी सतरंजी. सूनबाईने आम्हा सात जणांच्या पोटाखालचा हा संसार पाहिला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

'काका, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. पोटावरच्या आसनांना ओटीपोटाखाली चादरीची घडी घ्या, गुडघ्यांखाली घ्या. हॉलच्या कपाटात दहा चादरी आहेत. बायका घेतात. तुम्ही एकानेही कधी घेतली नाहीत. का?'

आम्ही सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

कारण साधं होतं. चादर ही बायकांची, म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो. आधार घेतला म्हणजे आसन हरलं. एरवी हाच पुरुष पलंगावर दोन उशा घेतो, खुर्चीला पाठीशी गादी बांधतो आणि स्कूटरच्या सीटवर मऊ कव्हर घालतो. योग म्हटला की मात्र त्याला एकदम हिमालय आठवतो.

ज्या माणसाने ह्या आधारांना जगभर इज्जत मिळवून दिली तो आपल्या पुण्याचा. बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं भोगून अंग ताठर झालेलं. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पुण्यात शिकवायला आले. पुढे त्यांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, बाकं असं सामान आसनांच्या कामाला लावलं, ते वाकू न शकणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच. १९७५ साली पुण्यात निघालेल्या त्यांच्या संस्थेत जगभरचे लोक खुर्चीवरून मागे लोंबकळायला येतात. परदेशात ते सगळं सामान म्हणे महागामोलाने विकतात. त्यातला 'बोल्स्टर' मी पाहिला. तो लोड आहे. माझे आजोबा ज्याला टेकून पान लावायचे तो लोड! आम्ही तो माळ्यावर टाकला आणि आता त्याच्याचसाठी दुकान शोधतो आहोत.

लोडाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पेणमध्ये राहून गणपतीच्या पाठीकडे कुणी लक्ष देत नाही, सगळे सोंडेत आणि डोळ्यांत गुंततात. कारखान्यात जाऊन मूर्ती मागून पाहा. बसलेला गणपती बहुधा लोडाला रेललेला असतो, छाती रुंद, खांदे मागे, पोट निवांत. एवढा मोठा देव, पण त्याला टेकायची लाज नाही.

माझ्या ओळखीचे एक मूर्तिकार आहेत. रोज आठ-दहा तास पुढे वाकून डोळ्यांची आखणी केल्यामुळे त्यांच्या पाठीचा धनुष्यबाण झालेला, पण धनुष्य उलट्या दिशेचं. त्यांना मी वर्गात ओढलं. शाडूच्या ओल्या मूर्तीवर ते फडकं टाकत होते, हात न थांबवता म्हणाले, 'ओली असेपर्यंत माती म्हणाल तशी वळते. वाळली की बोटाने जरा दाबलं तरी तडा. तुम्ही सकाळी सहाला, अंथरुणातून उठून, वाळलेले असताना वाकता. तडकणार नाही तर काय?'

हे मात्र सूनबाईच्या शास्त्राशी तंतोतंत जुळतं. पाठीच्या कण्यात हलणारे मणके चोवीस: मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच. पाठीचे बारा बरगड्यांना बांधलेले, म्हणून मागे वाकायची वेळ आली की ते अंग काढून घेतात. मग सगळं काम कमरेच्या पाच जणांवर पडतं आणि तेच दुखतात. कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय दिवसभर खुर्चीत बसून मांडीच्या मुळाशी असलेले स्नायू आखडतात. ते पुढून ओढून धरतात, आपण मागे ओढतो आणि मधे कंबर सापडते.

म्हणून आता आमचा वर्ग सुरू होतो तो सूर्यनमस्कारांनी. त्यात एक पाय मागे टाकला की मांडीची पुढची बाजू ताणली जाते, तिथे आम्ही मुद्दाम रेंगाळतो. मग चादरीची वळकटी खांद्याच्या पात्यांखाली आडवी घेऊन पाच मिनिटं नुसतं उताणं पडायचं. त्या पाच मिनिटांत ते बारा आळशी मणके जरा जागे होतात आणि दोन-तीन माणसं झोपतात. भुजंगासनात कोपरं जमिनीवर टेकलेली चालतात. उष्ट्रासनात हात टाचांना पुरत नसतील तर चवडे दुमडून टाचा वर घ्यायच्या, तरी नाही जमलं तर टाचांशेजारी विटा ठेवायच्या, आणि तेही नाही जमलं तर हात कमरेवर ठेवून नुसतं छताकडे पाहायचं. आमचे मूर्तिकार तिसऱ्या पायरीवर आहेत. छताला पुट्टी चांगली लागलेली नाही, एवढं त्यांनी आतापर्यंत सांगितलं आहे.

एक नियम मी स्वतःच्या अंगावर शिकलो, तो पोट रिकामं ठेवण्याचा. आधीचं जेवण पुरतं पचलेलं हवं, असं सूनबाई सांगायची. हिवाळ्यात रोह्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी शेतावर पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उलटं ठेवून वर आग. ही पोपटी रात्री साडेअकराला उघडली गेली आणि पहाटे सहाला मी धनुरासनात होतो. पोपटीचं मडकं उलटं ठेवतात याची मला त्या वेळी आठवण झाली. वालाला फार उशिरा आठवण झाली नसावी. पवनमुक्तासन हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण तो माणूस अनुभवी होता. त्या दिवसापासून माझ्या डाव्या हाताची सतरंजी दोन फूट लांब असते.

हे सगळं हसण्यावारी जातं. पण काकांचं हसण्यावारी गेलं नाही. चादर घेऊनही काका धनुरासनात पांढरे पडायचे. 'वय झालं,' म्हणायचे. मग एकदा खोकला आला तेव्हा त्यांनी जांघेत हात दाबून धरला, तो सूनबाईने पाहिला. घरी गेल्यावर तिने सरळ विचारलं. जांघेत गाठ यायची आणि झोपल्यावर आत जायची. आठ महिने झाले होते. त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं आणि ज्या आसनाने पोटावर सगळ्यात जास्त दाब येतो ते आसन सुनेसमोर रोज सकाळी करत होते. हर्निया. जांघेतला हर्निया पुरुषांना बायकांपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि त्याला धनुरासन वर्ज्य आहे, हे तिने शिकताना पाठ केलं होतं. वर्गात प्रवेश घेताना अर्जावर विचारलंही होतं: हर्निया, पोटाचं ऑपरेशन, रक्तदाब, अल्सर, काही आहे का? काकांनी प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

ऑपरेशन झालं. डॉक्टर जावई नव्हता, पण मुलाच्या वर्गातला होता, म्हणजे म्हणीचं तेही कलम पूर्ण झालं. तीन महिन्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीने, काका वर्गात परत आले. धनुरासन बंद, शलभासन बंद. त्यांच्यासाठी माळ्यावरून लोड काढला आहे, माझ्या आजोबांचा. ते त्याच्यावर पाठ टाकून उताणे पडतात, हात दोन्ही बाजूंना पसरतात आणि सगळ्यांत जास्त मागे वाकलेले असतात. पंख्याकडे आता आमच्यातले तेवढेच पाहतात, आणि त्यांना तसं सांगितलेलं असतं.

गेल्या आठवड्यात दोन नवे गृहस्थ आले. 'पोटावर झोपा' म्हटल्यावर एकाने बनियन खोचलं, दुसऱ्याने खोकून घेतलं. काका लोडावरूनच म्हणाले, 'कपाटात चादरी आहेत. आणि काही असेल तर मॅडमना सांगा. त्या माझ्या सूनबाई आहेत, मी सांगितलं, तुम्हाला काय होतंय?'

सहाचा वर्ग आहे, रविवारी सुट्टी. चादर आपापली आणावी, पावसाळ्यात कपाटातल्या दमट लागतात. माझ्याकडे पंच्याची एक चुंबळ जादा आहे, धुतलेली आहे. लागली तर मागून घ्या, मी कारण विचारणार नाही.